पोस्टकार्डावरचा इतिहास



मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातली पहिली दोन-तीन हिशोब देण्यात जातील.

गेल्या वर्षी आपल्या ग्रुपवर ठरलं, की शाळेतल्या दहावीच्या मुलांसाठी इतिहास-भूगोलाच्या उजळणीचं ॲप करायचं. गणित-विज्ञानाला शिकवण्या असतात, या विषयांना कोणी वाली नाही. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते हौसेने केलं. प्रत्येक धड्याचा सारांश, सनावळी, चुकीची जोडी ओळखा, उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण. दिवाळीच्या सुट्टीत चौदा मुलांनी ते वापरलं. सुट्टीनंतर सरांनी त्यांना कागदावर प्रश्न दिले.

‘आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज’ कोणाचं? चौदाही जणांनी मायकेल फुको लिहिलं. पण त्याच्या पद्धतीला ‘ज्ञानाचे पुरातत्त्व’ का म्हणतात, हे सकारण स्पष्ट करायचं होतं, तिथे नऊ जणांनी जागा कोरी सोडली. चाळीस गुणांच्या पेपरात नुसते पर्याय निवडायचे प्रश्न थोडेच असतात. बाकी सगळं आपल्या वाक्यात लिहावं लागतं. मुलांनी माझा सारांश वाचला होता, त्यांना तो कळलाही होता. आमच्या धंद्यातही असंच होतं. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचताना सगळं समजतं. तोच आपण लिहायला बसलो की हात थांबतो.

खरं तर हे मला १९९६ सालीच कळायला हवं होतं. बाई, तुमची पोस्टकार्डं आठवतात? ज्यांना आठवत नसतील त्यांच्यासाठी सांगते. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि जे आठवेल ते एका पंधरा पैशांच्या कार्डावर लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईने भरायचं. चार दिवसांनी तोच धडा नव्या कार्डावर. लाल कमी होत गेलं पाहिजे, एवढीच अट. गाईड घरी खुशाल वापरा म्हणायच्या, पण कार्ड लिहून झाल्यावर.

मी कार्डं केली नाहीत. मला इंजिनीअर व्हायचं होतं, इतिहासात वेळ कशाला घालवायचा! पूर्वपरीक्षेच्या आधी दोन दिवस शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीची कार्डं मागून घेतली, झेरॉक्स काढल्या आणि घोकल्या. पेपर तपासून देताना बाई एवढंच म्हणाल्या, “उत्तर बरोबर आहे, पण हे तुझं नाही.” मला राग आला होता. आज इतक्या वर्षांनी मी चौदा मुलांना तेच केलं, फक्त झेरॉक्सच्या जागी ॲप.

ती मैत्रीण इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं एक कार्ड माझ्याकडेच राहिलं होतं, ते आज आणलंय. व्हर्सायच्या तहाचं. वर काळ्या शाईत २८ जून १९१९. खाली लाल शाईत तिने लिहिलंय: ‘साराजेव्होचा गोळीबार २८ जून १९१४. तीच तारीख, पाच वर्षांनी!’ आणि पुढे उद्गारचिन्हं तीन. हे तिला तिचं सापडलं होतं. मी ते घोकलं होतं, उद्गारचिन्हांशिवाय.

जानेवारीत मी पुण्याहून तीन शनिवार शाळेत आले. मुलांना कोरी कार्डं दिली. पहिल्या शनिवारी बरीच कुरकुर झाली, दोघं परत आलीच नाहीत. तिसऱ्या शनिवारी भूगोलाचा ब्राझील होता. एका मुलीने अवर्षण चतुष्कोनाच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘ब्राझीलमध्येपण आटपाडी आहे.’ खाली दोन चित्रं. तिकडे वारे अटलांटिककडून, म्हणजे पूर्वेकडून येतात आणि उंचवट्यापलीकडे पाऊस उरत नाही. आपल्याकडे ते पश्चिमेकडून सह्याद्री ओलांडतात. म्हणून तिने बाण उलटे काढले होते. पर्जन्यछाया हा शब्द तिला आठवला नव्हता, तो लाल शाईत होता. माझ्या ॲपमध्ये तो ठळक अक्षरांत होता आणि आटपाडी कुठेच नव्हती.

तेव्हा निधीबद्दल माझं म्हणणं असं आहे. टॅब घेऊ नयेत. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ॲपमधून मी सारांश काढून टाकलेत. सनावळी, नकाशे आणि सरावाचे प्रश्न ठेवलेत. मला माझेच सारांश पुसताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पैसा कोऱ्या कार्डांना आणि लाल पेनांना लागेल, तो फारसा नाही. खरी गरज आहे ती वाचणाऱ्यांची. मुलं कार्डांचे फोटो पाठवतील. प्रत्येकाने आठवड्याला पाच कार्डं वाचायची आणि कुठे कळलं नाही ते मुलांना विचारायचं. उत्तर सांगायचं नाही. इतिहास विसरलाय म्हणून कोणी मागे राहू नका, अशाच माणसाला समजावताना मुलांचा खरा कस लागतो.

यादी दाराजवळच्या टेबलावर आहे. पहिलं नाव माझ्या मैत्रिणीचं आहे, तिला न विचारता लिहिलंय. बाई, दुसरी ओळ तुमच्यासाठी कोरी ठेवली आहे. आणि हे कार्ड, घे गं, तुझं तुला.