घरचे सोयाबीन, पावातला घास

(शिरपूर जैन येथे महिला सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी चुलीजवळ बसूनच बोलणार आहे. समोर पातेले आहे, पावाची लादी आहे आणि रात्री भिजवलेले पाव किलो सोयाबीन आहे. सोयाबीन आपल्याच वाशीम जिल्ह्यातले. दसऱ्या-दिवाळीला शिवारात हेच पीक दिसते. पण पोते भरले की ते मार्केटात जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल निघाल्यावर उरलेल्या पिठाच्या वड्या होतात आणि त्या रंगीत पुडीतून आपल्याच दुकानात परत येतात. आपल्या आंध आणि पारधी वस्त्यांवरच्या बाया दिवसभर सोयाबीन सोंगतात, आणि संध्याकाळी लेकराच्या ताटात भाकर आणि मिरचीचा ठेचा. मला हे बोचते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे हे पाव किलो तेरा-साडेतेरा रुपयांचे. मटणाचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे.

आता कृती. पेरणीचे उरलेले बियाणे मुळीच घेऊ नका. त्याला औषध चोळलेले असते. खायचे सोयाबीन आठ-दहा तास भिजवा, चोळून साले काढा. गरम पाणी घालून वाटा, म्हणजे कच्चट वास कमी येतो. वाटणात एकूण दोन लिटर पाणी होऊ द्या आणि मोठ्या पातेल्यात ढवळत उकळा. हे फसवे असते बरं का. फेस वर येतो तेव्हा वाटते उकळी आली, पण ती आलेली नसते. पहिल्यांदा मी तिथेच उतरवले आणि घरातल्या सगळ्यांची पोटे बिघडवली. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते, ते उष्णतेनेच मरते. म्हणून खरी उकळी आल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवा.

मग फडक्यातून गाळा. खाली दूध, फडक्यात चोथा. दूध पुन्हा गरम करून उतरवा, दोन लिंबांचा रस अर्ध्या वाटी पाण्यात कालवून थोडा थोडा घाला आणि हात आवरा. जास्त ढवळले तर भुगा होतो. फाटले की फडक्यात बांधून अर्धा तास पाट्याखाली दाबा. हे सोया पनीर. त्याचे बोटभर जाड काप करा, मीठ, हळद, तिखट, आले-लसूण लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा आणि पावात घाला.

मला स्वतःला चोथाच जास्त आवडतो. त्यात उकडलेला बटाटा, कांदा, काळा मसाला आणि मूठभर बेसन घालून टिक्की थापा. दाताखाली खिम्यासारखी लागते. मटणासारखी लागते असे मी म्हणणार नाही, खोटे कशाला बोलू?

असे पदार्थ आपल्याला नवे नाहीत. विदर्भात पाटोडीचा रस्सा झणझणीत मसाल्यात करतात, तो ओरपताना मटणाची आठवण कोण काढते? जुन्नरकडच्या मासवडीत मासा नसतोच, असते बेसन, खोबरे आणि तीळ. अमेरिकेत मक्याच्या पोह्यांमुळे प्रसिद्ध झालेले डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनीही १८९० च्या दशकात आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी शेंगदाण्यापासून मांसाचा पर्याय तयार केला होता.

आपले गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाचे. जैन शेजारी घरी आले तर टिक्कीत कांदा, लसूण, बटाटा नको; कच्चे केळे, हिंग, जिरे घाला. नाताळच्या फराळाला एकच टिक्की सगळ्यांच्या पानात पडेल. पण कोणाला वाटेल की ताई मांस सोडायला सांगते आहे. तसे नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला, दोघांनाही एकमेकांना तुच्छ लेखू नका असे बजावले आहे. पाड्यावर जाऊन कुणाच्या चुलीवरच्या कोंबडीला नावे ठेवणे ही सेवा नव्हे. उलट लेकराला अंडे मिळत असेल तर ते द्याच. ब-१२ जीवनसत्त्व या टिक्कीत नाही. ही टिक्की ज्या दिवशी अंडेही नसते आणि मटणही नसते त्या दिवसांसाठी, आणि असे दिवसच जास्त असतात.

वसतिगृहासाठी तुम्ही जे धान्य पाठवता त्यात पुढच्या वेळी दोन पायली सोयाबीन असू द्या, बियाण्याचे नको.

बघा, बोलता बोलता फेस काठाशी आला. दोघीजणी पुढे या, फडके धरायला.