औषधदान आणि ज्ञानदान
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी औषधदान व ज्ञानदान यांचे नाते किती निकटचे आहे, हे विकसनशील देशांच्या अनुभवावरून दिसून येते.

उत्पन्न वाढले की सकस अन्न, शुद्ध पाणी आणि उपचार सुलभ होतात, हे खरेच. परंतु केवळ धनाने आरोग्य लाभत नाही. नायजेरियातील इबादान येथील पाहणीवरून जॉन काल्डवेल यांनी १९७९ साली दाखवून दिले की, वडिलांचा व्यवसाय सारखा असतानाही सुशिक्षित मातेची मुले अधिक प्रमाणात जगतात. केरळ हे देशातील सर्वांत धनवान राज्य नव्हे. तरीही २०२० साली तेथील अर्भकमृत्यूदर हजारी ६ होता, तर देशाचा २८. शिकलेली माता जुलाब होताच मीठ-साखरेचे पाणी देते, लस चुकवीत नाही आणि वेळीच दवाखाना गाठते.

उलटपक्षी, एका मोठ्या दुखण्यात गरीब घराची सारी बचत जाते आणि बहुधा प्रथम मुलीचीच शाळा सुटते. म्हणून रुग्णास साहाय्य देताना त्या घरातील कन्येच्या फीचीही ट्रस्टने आस्थेने चौकशी करावी. ते ज्ञानदान पुढच्या पिढीचे औषधदानच ठरेल.

जय जिनेंद्र!