‘गाड्या वेळेवर धावत होत्या’ : रशिया, आणीबाणी आणि आपली युनियन

(बंगळूर येथे इंदिरानगर भागात मराठी भाषिक रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘रशियातील जनता आणि हुकूमशाही’. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रशिया मी पाहिलेला नाही. पण युनियनच्या कामात जे वाचायला मिळाले ते रेल्वे कामगाराच्या नजरेने वाचले. रशियाच्या इतिहासात रेल्वे कामगार जागोजागी भेटतो, म्हणूनच बोलण्याचे धाडस करीत आहे.

कॅन्टीनमध्ये चहा पिताना आपण दोन वाक्ये नेहमी ऐकतो. एक म्हणजे, ‘रशियन माणसाला चाबूकच लागतो, तो त्याच्या रक्तातच आहे.’ दुसरे, ‘आपल्याकडेही आणीबाणीच पाहिजे, तेव्हा गाड्या वेळेवर धावत होत्या.’ ही दोन्ही वाक्ये एकाच मुशीतली आहेत. ती खरी आहेत का, एवढेच आज तपासू.

प्रथम रक्ताची गोष्ट. रशियाच्या उत्तरेला नोवगोरोद नावाचे व्यापारी शहर होते. तेथे नागरिकांची सभा भरत असे. सभा बोलावण्यासाठी एक मोठी घंटा होती. राजपुत्राशी पटले नाही तर त्याला घालवून देण्याची रीत त्या शहरात होती. १४७८ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने ते शहर ताब्यात घेतले आणि ती घंटा उतरवून मॉस्कोला नेली. गुलामी रक्तातच असती, तर घंटा उतरवावी लागली नसती.

१६४९ च्या कायद्याने शेतकरी कायमचा जमिनीला बांधला गेला. जमीनदार त्याला विकू शके, फटके मारू शके. ही भूदासपद्धती १८६१ साली रद्द झाली. म्हणजे मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली त्या १८५३ साली रशियातले कोट्यवधी शेतकरी अजून भूदास होते. सुटका झाली तीही फुकट नाही. मिळालेल्या जमिनीचे हप्ते ते १९०७ पर्यंत फेडत होते. अशा माणसाला पंचायत, कोर्ट, वर्तमानपत्र यांपैकी काहीच आधार नव्हता. त्याचा आधार एकच, राजधानीत बसलेला झार. ‘मालक चांगला आहे, मधले अधिकारी वाईट आहेत’ ही समजूत तेथून आली. आपल्याकडेही ‘साहेब चांगले आहेत हो, खालचे लोक त्यांच्यापर्यंत जाऊ देत नाहीत’ असे म्हणणारे कमी नाहीत.

ही समजूत १९०५ च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये गोळ्यांनी फुटली. हजारो कामगार बायकामुलांसह, हातात देवाच्या तसबिरी आणि झारची चित्रे घेऊन अर्ज द्यायला निघाले होते. अर्जात आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. सैन्याने गोळीबार केला. शेकडो माणसे मेली आणि जखमी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेल्वे कामगारांनी चाके थांबवली आणि बघता बघता संप देशभर पसरला. झारला जाहीरनामा काढून नागरी हक्क आणि निवडून आलेली संसद कबूल करावी लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि लेनिनने त्याची दखल घेतली. दोन्हीकडचा कामगार त्या काळात एकाच वाटेवर होता.

मार्च १९१७ मध्ये झारची गाडी राजधानीकडे निघाली होती. पुढची स्टेशने क्रांतिकारकांच्या हाती गेल्याने ती वळवावी लागली. शेवटी प्स्कोव स्टेशनात, रेल्वेच्या डब्यातच, त्याने राज्यत्यागावर सही केली. तीनशे वर्षांच्या घराण्याचा शेवट आपल्याच खात्यात झाला, असे गमतीने म्हणता येईल.

पुढची हकीकत मात्र गमतीची नाही. त्याच वर्षी बोल्शेविकांनी सत्ता घेतली तेव्हा रेल्वे कामगारांच्या मध्यवर्ती कमिटीने बजावले की सर्व समाजवादी पक्षांचे मिळून सरकार करा, नाहीतर देशभर रेल्वे बंद करू. बोलणी झाली आणि फिसकटली. दोन-तीन महिन्यांत त्या कमिटीची जागा सरकारच्या बाजूच्या कमिटीने घेतली. जानेवारी १९१८ मध्ये निवडून आलेली घटना समिती एक दिवस बसली आणि बरखास्त झाली. १९२० साली ट्रॉट्स्कीकडे वाहतूक खाते असताना रेल्वे युनियनचे पुढारी बाजूला सारून वरून नेमलेली कमिटी बसवली गेली. यादवी युद्ध चालू होते, इंजिने बंद पडली होती, शहरे उपाशी होती. कारण खोटे नव्हते. पण ‘सध्या अडचणीचा काळ आहे, निवडणूक नंतर पाहू’ असे एकदा म्हटले की ती ‘नंतर’ची तारीख येत नाही, हे रशियन रेल्वे कामगाराने अनुभवले.

मग स्टालिनचा काळ आला. १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी दप्तराप्रमाणेच ६ लाख ८० हजारांवर माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. चीनमधील हार्बिनकडची रेल्वे रशियाने १९३५ साली विकली, तेव्हा तेथील कामगार मायदेशी परतले. दोन वर्षांनी त्यांनाच हेर ठरवले गेले. त्या एका मोहिमेत हार्बिनहून आलेल्यांपैकी आणि त्यांच्याशी संबंध जोडलेल्यांपैकी तीस हजारांवर लोक मारले गेले. पुढे जून १९६२ मध्ये नोवोचेर्कास्क येथील इंजिन कारखान्यात संप झाला. मांस-लोण्याचे भाव वाढले होते आणि त्याच सुमारास पीसरेट कापला होता. कामगारांनी रूळ अडवले. गोळीबारात २६ माणसे मेली, नंतर ७ जणांना मृत्युदंड दिला. ही बातमी पंचवीस वर्षांहून अधिक काळ दाबून ठेवली गेली.

साथींनो, मी सोव्हिएत देशाची निंदा करायला उभा नाही. हिटलरशी लढताना त्या देशाने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. भिलाईचा पोलाद कारखाना त्यांच्या मदतीने उभा राहिला. निरक्षर शेतकऱ्याचा मुलगा तेथे इंजिनियर झाला, हेही खरे आहे. माझा मुद्दा युनियनचा आहे. सोव्हिएत युनियन्स सेनेटोरियमची तिकिटे वाटत होत्या, घरांच्या याद्या करीत होत्या, वर्गणी पगारातून परस्पर कापली जात होती. सभासद जवळजवळ शंभर टक्के. पण संप करायची, मालकाला ‘नाही’ म्हणायची सवय पूर्ण मोडली होती.

म्हणून १९९१ साली सोव्हिएत राज्य कोसळले तेव्हा कामगाराच्या हातात हत्यार नव्हते. जानेवारी १९९२ मध्ये भाव मोकळे केले आणि त्या एका वर्षात ते सुमारे २६ पटींनी वाढले. आयुष्यभराची बचत महिन्यांत संपली. कारखाने मूठभर लोकांच्या हाती गेले. १९९३ मध्ये संसदेवर रणगाड्यांनी तोफा डागल्या, आणि तेही लोकशाहीच्या नावाने. पगार महिनोन्‌महिने मिळत नव्हते. १९९८ च्या मे महिन्यात खाणकामगार थकलेल्या पगारासाठी ट्रान्स-सायबेरियन रेल्वेच्या रुळांवर बसले. तेथे त्याला ‘रुळांचे युद्ध’ म्हणतात.

ज्या माणसाला लोकशाही म्हणजे थकलेला पगार असाच अनुभव आला, त्याला पुढे कोणी ‘मी शिस्त आणतो’ म्हटले तर तो काय करील? २००० साली पुतिन अध्यक्ष झाले. तेलाचे भाव चढले, पगार वेळेवर होऊ लागले. लोकांनी सुस्कारा टाकला. त्यांना मी दोष देत नाही. पण किंमत हप्त्याहप्त्याने वसूल झाली. २००१ मध्ये मोठी खाजगी दूरचित्रवाणी सरकारी कंपनीच्या ताब्यात गेली. २००२ मध्ये नवा कामगार कायदा आला आणि कायदेशीर संप करणे फार अवघड झाले. २००४ मध्ये प्रांतांच्या गव्हर्नरांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०२० मध्ये घटना बदलून अध्यक्षांच्या जुन्या कारकिर्दी मोजणीतून वगळल्या. २०२१ च्या शेवटी, स्टालिनकाळातील बळींची नोंद ठेवणारी ‘मेमोरियल’ ही संस्था बरखास्त करण्याचा हुकूम झाला. दोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनवर मोठे आक्रमण झाले आणि युद्धाविरुद्ध बोलणे गुन्हा ठरला. एक-एक हप्ता लहान वाटतो. घंटा उतरली आहे हे शेवटी कळते.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. गाड्या वेळेवर धावत होत्या.

मे १९७४ च्या संपात सुमारे १७ लाख रेल्वे कामगार उतरले होते. वीस दिवसांचा तो संप मोडून काढला गेला. हजारो अटकेत गेले, हजारो बडतर्फ झाले. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. माझे वडील शेडमध्ये फिटर होते, तेही बडतर्फ झाले. घर आईच्या पापड-लोणच्यांवर चालले. पुढे शेजारी म्हणत, ‘काही म्हणा, आणीबाणीत गाड्या मात्र वेळेवर धावत होत्या.’ वडील एवढेच म्हणत, ‘धावत असतील. मी तेव्हा कामावर नव्हतो.’ १९७५ च्या सप्टेंबरात वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला, हेही वेळापत्रकाबरोबर लक्षात ठेवावे.

आज आपण बसलो आहोत त्या वस्तीला ज्यांचे नाव आहे, त्या इंदिरा गांधींनीच आणीबाणी आणली. २६ जून १९७५ रोजी याच शहरात, संसदीय समितीच्या बैठकीसाठी आलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी पकडले गेले. दंडवते येथल्या मध्यवर्ती तुरुंगात, तर प्रमिलाताई पुण्याला येरवड्यात. जॉर्ज फर्नांडिस यांचे बंधू लॉरेन्स यांचा याच शहरात पोलिसांनी छळ केला. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांचा दमा तुरुंगात बळावला, आणि जानेवारी १९७७ मध्ये सुटकेनंतर काही दिवसांतच त्या वारल्या. त्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर आता ‘फ्रीडम पार्क’ आहे. आपले मोर्चे तेथेच जातात.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. ती घेण्याचा निर्णय इंदिरा गांधींचाच होता आणि हरल्यावर त्या पायउतार झाल्या, हे मान्य केले पाहिजे. बंगळूरच्या तुरुंगात बसलेले दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि १९७४ चे बडतर्फ कामगार परत घेतले गेले. माझ्या वडिलांचा डबा पुन्हा शेडवर जाऊ लागला तो तेव्हा.

पण आपली पाठ थोपटण्याआधी एक आकडा ऐका. त्याच निवडणुकीत कर्नाटकाच्या २८ पैकी २६ जागा काँग्रेसनेच जिंकल्या. उत्तरेत सक्तीची नसबंदी झाली, तेथे लोक संतापले. येथे हात तेवढा जड पडला नव्हता. म्हणजे आपणही दंडुक्याचा न्याय तो कोणाच्या पाठीवर पडतो यावरून करतो. रशियन माणसापेक्षा आपण वेगळ्या मातीचे नाही. आपल्याकडे फरक पडला तो सवयींमुळे. १९५२ पासूनची मतदानाची सवय, कोर्टात जाण्याची सवय, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवतांसारख्यांची ‘नाही’ म्हणण्याची सवय, आणि युनियनची सवय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तो इशारा संसदेपुरता नाही, शाखेच्या कचेरीलाही लागू आहे.

म्हणून शेवटचे बोलणे आपल्याबद्दल, आणि आधी माझ्याबद्दल. आपल्या युनियन्सची मान्यता ठरवणारे गुप्त मतदान २००७ मध्ये झाले, २०१३ मध्ये झाले, आणि त्यानंतर एकदम डिसेंबर २०२४ मध्ये झाले. मधल्या अकरा वर्षांत ‘मतदान घ्या’ म्हणून किती गेट मीटिंगा झाल्या? मी एकही घेतली नाही. बदल्या, क्वार्टर, पास यांची कामे करीत राहिलो. सेनेटोरियमची तिकिटे वाटणाऱ्या युनियनपेक्षा मी काय वेगळे केले, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

शाखेत मी तीन वेळा बिनविरोध सेक्रेटरी झालो. लोक याला विश्वास म्हणतात. पण ज्या सभेत कोणी उभेच राहत नाही, तेथे विश्वास मोजायचा कसा? येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पदाधिकाऱ्यांची निवड गुप्त मतदानाने व्हावी, आणि एका पदावर सलग तीनपेक्षा जास्त वेळा कोणी राहू नये. दुसरा ठराव पडला तरी मी स्वतः उभा राहणार नाही. परवा एक तरुण ट्रॅकमन मला कळवळून म्हणाला, ‘काका, तुम्ही गेल्यावर शाखा सांभाळणार कोण?’ त्याच्या प्रेमाबद्दल मी आभारी आहे. पण रशियात झारपासून आजपर्यंत हेच विचारले गेले. त्याला मी सांगितले, ‘तू सांभाळशील. आधी चुकशील, मग शिकशील. मीही तसाच शिकलो.’

गाड्या वेळेवर धावल्या पाहिजेत, ते आपले कामच आहे. त्या दंडुक्याशिवाय वेळेवर धावतात हे दाखवून देणे, हेही आपलेच काम आहे.

कामगार एकजूट झिंदाबाद!