कलेच्या दारी थकबाकी नसते



दीक्षान्ताच्या प्रसंगी वक्त्याने स्नातकांना कर्तव्याचे स्मरण करून द्यावे असा आपल्याकडे संकेत आहे, आणि तो उचितच आहे. परंतु कर्तव्याचा उपदेश करणारी माणसे तुम्हांला यापुढे पावलोपावली भेटतील. म्हणून मी आज अशा एका गोष्टीविषयी बोलू इच्छितो, की जिचा उच्चार अशा सभांतून क्वचितच होतो. तुमच्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना चित्रे काढली असतील, पेटीवर बोटे फिरवली असतील, वहीच्या शेवटच्या पानांवर कविता लिहिल्या असतील, आणि दहावी-बारावीच्या धामधुमीत ते सारे सुटले असेल. जे सुटले त्याची रुखरुख, आणि ते पुन्हा हाती घ्यावे तर वेळ वाया घालवल्याची टोचणी, असा हा दुहेरी अपराधभाव पुष्कळ सुशिक्षित माणसे जन्मभर उराशी बाळगून असतात.

त्याचे मूळ शोधताना कोणाला दोष देण्याचे कारण नाही. ज्या घरांनी एका पगाराच्या आधारावर दारिद्र्यातून वर येण्याची धडपड केली, त्या घरांत ‘याने पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न काळजीपोटीच विचारला गेला. परंतु तो वारंवार ऐकल्यामुळे आपल्या मनाने आनंदालाही उपयुक्ततेचा परवाना मागण्यास प्रारंभ केला. मग चित्रकला उरली ती एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांच्या श्रेणीपुरती आणि दहावीच्या वाढीव गुणांपुरती, व गाणे उरले ते परीक्षेच्या प्रमाणपत्रापुरते; ज्याला श्रेणी मिळाली त्याने काम संपले म्हणून रंग बाजूला ठेवले, आणि ज्याला ती मिळाली नाही त्याने आपल्याला त्यातले काही येत नाही असा निकाल स्वतःच स्वतःवर देऊन टाकला.

या निकालावर अपील करावयाचे असेल, तर खानदेशातील असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या चरित्राकडे पाहावे. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आले. घरचा आणि शेताचा सारा भार अंगावर पडला. तरीही जात्यावर दळताना आणि रानात राबताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत राहिल्या. ती गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली, आणि १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. म्हणजे ज्या हातांनी ते काव्य जन्मास घातले, त्यांना त्याबद्दल ना गुण मिळाले, ना मानधन, ना त्या पुस्तकाचे दर्शन. तरी कामात आणि गाण्यात कलह असतो, एकाचा वेळ दुसऱ्याने चोरलेला असतो, अशी शंका त्या गाण्यांत कोठेही आढळत नाही.

दुसरे उदाहरण रवींद्रनाथ ठाकुरांचे. १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या महाकवीने, चित्रकलेचे रीतसर शिक्षण नसताना, साठी उलटल्यावर कुंचला हाती घेतला. ‘पूरबी’ या काव्यसंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांस जोडता जोडता त्यांतून आकृती उमटू लागल्या, आणि त्या छंदातूनच पुढे दोन हजारांहून अधिक चित्रे निर्माण झाली; १९३० साली त्यांपैकी काहींचे प्रदर्शन पॅरिसमध्ये भरले. जगाने ज्याला एका कलेत आचार्यपद दिले होते, त्याने दुसऱ्या कलेत नवशिक्या होण्याचा संकोच बाळगला नाही.

याच्या उलट अनुभव चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात प्रांजळपणे नमूद केला आहे. तरुणपणी मिल्टनचे काव्य समुद्रप्रवासात सोबत वागवणाऱ्या या शास्त्रज्ञाला उतारवयात कविता वाचवेनाशी झाली, संगीताची गोडी ओसरली. आणि पुन्हा जन्म लाभला तर आठवड्यातून एकदा तरी थोडे काव्य वाचण्याचा व थोडे संगीत ऐकण्याचा नियम करीन, असे त्याने लिहून ठेवले. ही रसिकता हरपणे म्हणजे सुखाला मुकणे होय, असा त्याचा अभिप्राय होता.

मित्रहो, सुटलेल्या कलेकडे परत जाताना आपण सावकाराच्या पेढीवर जावे तसे भीतभीत जातो. पाच वर्षे रियाज झाला नाही, म्हणजे पाच वर्षांची थकबाकी साचली, आणि ती व्याजासह फेडल्यावाचून तानपुऱ्यासमोर बसण्याचा आपल्याला हक्क नाही, असा हिशेब आपणच मनाशी मांडतो. आणि रक्कम मोठी दिसते म्हणून कलेचे दार कायमचे टाळतो. परंतु तेथे असे दप्तर कोणीही ठेवलेले नसते. सुटलेला हात परत वळण्यास श्रम लागतात, गळा सुरात येण्यास काळ लागतो, आणि ज्यांना कलेवर उपजीविका करावयाची आहे त्यांची तर कठोर साधनेतून सुटकाच नाही, हे मी जाणतो. पण श्रमाची दृष्टी उद्यावर असते, अपराधभावाची कालवर. म्हणून श्रमाने हात तयार होतो, आणि अपराधभावाने तो केवळ थरथरतो. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा किंवा कचेरीतील जबाबदारी टाळण्यास कलेची सबब पुढे करणे गैरच होय. मात्र ती कर्तव्ये पार पाडल्यानंतर उरणाऱ्या घटकेवर दुसऱ्या कोणाचीही मालकी नाही.

पालकहो, आपल्या मुलाने रात्री जेवणानंतर पेटी उघडली, तर ‘याचा उपयोग काय?’ असे विचारू नका. जवळ बसून ऐका. आणि स्नातकहो, आज हाती पडलेल्या सनदेवर तुमच्या विद्येची नोंद आहे. आनंदाची सनद मात्र कोणतेही विद्यापीठ देत नाही, आणि ती मागण्यासाठी कोठे अर्जही करावा लागत नाही. येत्या आठवड्यात जुनी वही शोधा, पेटीवरची धूळ झाडा, रंग वाळले असतील तर नवे आणा. पहिले चित्र बेढब होईल, पहिला सूर ढळेल. तो कोणालाही ऐकवू नका, त्याबद्दल कोणाची क्षमाही मागू नका, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.