इंग्लंडच्या राजाची नेमणूक

मंडळी, इंग्लंडचा राजा खातो कुणाचं? १७६० साली तिसऱ्या जॉर्जने राजघराण्याच्या जमिनींचे उत्पन्न सरकारजमा केले आणि बदल्यात पार्लमेंटकडून ठरावीक नेमणूक घेतली. २०१२ पासून ही रक्कम त्या मालमत्तेच्या दोन वर्षांपूर्वीच्या नफ्यावर ठरू लागली. आधी १५ टक्के. पुढे बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी २५. समुद्राचा तळही या मालमत्तेतच येतो बरं का! तिथल्या पवनचक्क्यांनी नफा इतका फुगला, की टक्केवारी १२ वर उतरवली. तरीही २०२५-२६ साली रक्कम ८ कोटी ६३ लाखांवरून १३ कोटी २१ लाख पौंडांवर गेली. नफा घटला तरी रक्कम आदल्या सालाहून कमी होऊ नये, अशी मेख २०११ च्या कायद्यातच मारलेली. पीक बुडाले तरी खंड पुरा, तसेच हे. पोलीस पहाऱ्याचा खर्च मात्र यात धरलेला नाही. तो सरकार निराळा सोसते.