प्रदर्शनासाठी शेळी भादरणे : केस, कातर आणि परीक्षकाची नजर
(कोल्हापूर येथील शेळीपालकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

प्रदर्शनासाठी शेळी भादरणे म्हणजे तिच्या अंगावरचे केस नेमक्या दिवशी, नेमक्या लांबीपर्यंत कापून तिचा बांधा परीक्षकाच्या नजरेला आणि हाताला मोकळा करून देणे. धुणे, खरारा करणे, खूर तासणे आणि दाव्याला धरून चालायला शिकवणे ही याच कामाची भावंडे आहेत. या साऱ्याला लोक सजावट म्हणतात, पण सजावट झाकते आणि कातर उघडे करते. केस उतरले की पाठीची रेघ सरळ आहे की खचलेली, खांदा छातीला घट्ट बसला आहे की सुटलेला, फासळ्या किती फाकलेल्या आहेत, मागचे पाय सरळ आहेत की गुडघ्याशी जवळ आलेले, हे सगळे दिसू लागते. म्हणून ज्याची शेळी खरोखर चांगली आहे त्याला कातरीचे भय नसते.

कोल्हापूरच्या मातीला जनावराची अशी निगा नवी नाही. बेंदराला बैलाची शिंगे साळून हिंगूळ लावला जातो, झूल आणि गोंडे चढतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी भादरून, अंगाला तेल चोळून, शिंगे रंगवून, मोरपिसे आणि कवड्यांच्या माळा घालून शहरातून मिरवल्या जातात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते, कारण ते मेंढरांवर जगणाऱ्यांचे दैवत आहे. दख्खनी मेंढरे वर्षातून दोनदा कातरली जातात आणि त्या लोकरीची घोंगडी होते. बैल-म्हैस सणासाठी नटते, मेंढी लोकरीसाठी कातरली जाते. शेळी मात्र इथे दूध, मटण आणि करडांसाठी पाळली जाते. तिच्या केसांना फारसा भाव नाही. त्यामुळे तिच्या अंगावर कातर चालवण्याची रीत या भागात उशिरा आली, आणि ती आली प्रदर्शनांबरोबर.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या नोंदल्या गेल्या. एवढ्या कळपातून पैदाशीसाठी कोणता बोकड ठेवायचा आणि कोणती पाट, म्हणजे तरुण मादी, वाढवायची, हा निर्णय बहुतेक वेळा पेठ वडगावसारख्या बाजारात, गर्दीत, घाईने होतो. प्रदर्शनाचा खरा उपयोग तिथे आहे. मेरी वेदर मैदानावरचे भीमा कृषी प्रदर्शन किंवा तपोवन मैदानावरचे सतेज कृषी प्रदर्शन यांत शेतकरी चांगली जनावरे एकमेकांशेजारी उभी असलेली पाहतो आणि त्याची नजर तयार होते. तिथे उभे केलेले जनावर स्वच्छ, मोकळे आणि खरे दिसले पाहिजे.

जात आणि केस

भादरण्याचा पहिला नियम हा की सर्व शेळ्यांना एकच नियम लागू नाही. केस हे जातीचे लक्षण आहे, आणि लक्षण कापून टाकले तर परीक्षकाने जात ओळखायची कशावरून?

महाराष्ट्राच्या नोंदणीकृत जाती चार : उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. उस्मानाबादी उंच, बहुतांश काळी. तिच्या अंगावरचा काळा रंग आणि त्याची तकाकी हीच तिची ओळख. संगमनेरीचे केस मुळातच आखूड आणि राठ, रंग पांढरा, काळा वा तपकिरी. घाट उतरून सिंधुदुर्गात गेले की कोकण कन्याळ भेटते : काळे अंग, चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी नाकापासून कानापर्यंत गेलेले पांढरे पट्टे, पायांवर काळे-पांढरे. या जातींना अंगभर भादरण्याची गरज सहसा नसते. कानांच्या कडा, पोटाखालचे सुटे केस, शेपटीचे टोक, खुरावरची झालर आणि कासेवरचे केस एवढे नीट केले की पुरते. कोकण कन्याळच्या चेहऱ्यावर तर मशीन फिरवूच नये, कारण पट्ट्यांच्या कडा तिथल्या केसांनीच रेखलेल्या असतात.

बाहेरून आलेल्या जातींचे गणित निराळे आहे. जमुनापारीच्या मांडीमागचे लांब केस हे तिचे जातिलक्षण. ते धुवावेत, विंचरावेत, पण कापू नयेत. बोअर ही दक्षिण आफ्रिकेची मटणाची जात, पांढरे अंग आणि तांबडे डोके. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती १९९३ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांवाटे भारतात आणली. पैदाशीच्या बोअरचे आखूड, चकचकीत केस तसेच ठेवण्याची पद्धत आहे. उलट सानेनसारख्या दुधाच्या जाती अमेरिकेतील प्रदर्शनांत अंगभर भादरूनच रिंगणात नेल्या जातात, कारण दुधाळ शेळीत पातळ कातडी, लांब मान, फासळ्यांमधली रुंद जागा आणि कासेच्या शिरा पाहायच्या असतात, आणि केस त्या सगळ्यांवर पडदा टाकतात. जिथे पाहायचे ते केसाखाली आहे तिथे कातर; जिथे पाहायचे ते केसातच आहे तिथे फक्त खरारा.

दिवसांचा हिशेब

तयारी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सुरू होत नाही. पीपीआर या संसर्गजन्य रोगाची लस टोचून निदान तीन आठवडे झालेले असावेत, कारण शेकडो कळपांतली जनावरे एका मांडवाखाली येणार असतात आणि प्रतिकारशक्ती यायला तेवढा वेळ लागतो. उवा, गोचिडी आणि खरूज यांचा बंदोबस्तही त्याच सुमारास व्हावा. औषध अंगावर ताजे असताना कातडीला मशीन लावू नये.

अंगभर भादरायचे तर प्रदर्शनाच्या दहा ते पंधरा दिवस आधी. ताज्या कातरणीच्या रेघा अंगावर उठून दिसतात आणि रंग फिका पडतो. दहा-बारा दिवसांत केस किंचित वाढले की रेघा मिटतात, रंग परततो. कोल्हापूरची मोठी प्रदर्शने थंडीत भरतात, त्यामुळे केस उतरवलेल्या शेळीला रात्री बंद गोठा, कोरडा पाला आणि अंगावर पोत्याची झूल द्यावी लागते. पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या शेळीला दुपारच्या उन्हाचीही बाधा होते. गाभण शेळी शेवटच्या दीड महिन्यात असेल तर तिला या खटाटोपात घालूच नये. तिच्या पोटातली करडे कोणत्याही बक्षिसापेक्षा मोलाची आहेत.

धुणे आणि हत्यारे

मळक्या केसांवर मशीन चालवले की पाते बोथट होते आणि केस तुटत-ओढत निघतात. म्हणून आधी धुणे. उन्हे वर आल्यावर, कोमट पाण्याने, सौम्य शाम्पूने धुवावे. भांड्यांची किंवा कपड्यांची पावडर कातडीतले तेल ओढून काढते आणि कोंडा उठवते. कानात पाणी जाऊ देऊ नये. अंग पूर्ण वाळल्यावरच मशीन हाती घ्यावे.

मशीनच्या पात्यांना क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा तितका केस आखूड राहतो. १० क्रमांकाचे पाते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवते आणि अंगासाठी ते पुरते. ३० क्रमांकाचे पाते जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवते. ते फक्त कासेसाठी. चालता चालता पाते तापते आणि तापलेले पाते शेळीला चटका देते. दर पाच-दहा मिनिटांनी ते मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावे, तेलाचे दोन थेंब सोडावेत, केस झटकावेत. धनगराची हातकातर आजही निरुपयोगी झालेली नाही : शेपटीचे टोक आणि खुरावरची झालर तिने जितकी नेटकी होते तितकी मशीनने होत नाही.

कातरीची वाट

शेळी उंच ओट्यावर बांधून पुढ्यात थोडा खुराक ठेवावा. सुरुवात पाठीवरून किंवा बरगडीवरून करावी. तिथली जागा सपाट आणि कमी हळवी, तोवर शेळीला मशीनच्या आवाजाची सवय होते. मशीन केसांच्या उलट दिशेने, लांब आणि एका दाबाने ओढावे. प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर थोडा चढवावा. केसांचे भोवरे असतात त्या ठिकाणी, म्हणजे छातीवर आणि जांघेजवळ, दिशा बदलत जावे. बगल, जांघ आणि मानेखालची वळी इथे कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी, कारण बहुतेक जखमा तिथेच होतात. त्यानंतर पाय, पोट आणि सर्वांत शेवटी डोके. दुधाळ शेळीची दाढी उतरवतात. बोकडाची दाढी आणि मानेवरची आयाळ हे नरपणाचे लक्षण असल्याने ती ठेवून फक्त विंचरतात. शेपटीच्या टोकाला केसांचा लहानसा गोंडा राखून बाजू साफ केल्या की कमरेची रुंदी ठळक होते.

कास शेवटच्या एक-दोन दिवसांत, बारीक पात्याने, अलगद हाताने. सडाजवळ मशीन नेताना दोन बोटांनी सड झाकून घ्यावा.

खूर, तकाकी, चाल

खूर हा पायाचा पाया. जिल्ह्याच्या पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीच्या पावसात, चिखलात खूर मऊ पडून वाकडे वाढतात आणि खुरांत सड शिरते. पूर्वेकडे, शिरोळ-हातकणंगल्याच्या कोरड्या भागात माळावर चरणाऱ्या शेळीचे खूर झिजत राहतात, पण बंदिस्त गोठ्यातल्या शेळीचे तिथेही वाढतातच. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावेत आणि करडाचा खूर डोळ्यांपुढे ठेवावा : तळ सपाट, दोन्ही नख्या सारख्या. तासता तासता गुलाबी छटा दिसली की थांबावे, त्याच्या आत रक्त आहे. प्रदर्शनापूर्वी दहा दिवस खूर झालेले असावेत, म्हणजे चुकून लंगडली तरी शेळी सावरते.

तकाकी तेलातून येत नाही, चाऱ्यातून येते. म्हशीच्या अंगावर शोभणारे तेल शेळीच्या केसांना चिकटवून टाकते आणि मैदानावरची धूळ ओढून घेते. काळ्या उस्मानाबादीचा रंग तांबूस, विटका दिसू लागला आणि शेपटीच्या टोकाचे केस विरळ होऊन ते दुभंगले, तर ते बहुधा तांब्याच्या कमतरतेचे चिन्ह असते. पशुवैद्याच्या सल्ल्याने क्षारमिश्रण द्यावे. शेळ्या-मेंढ्या एकत्र राखणाऱ्यांनी इथे विशेष जपावे, कारण शेळीला मानवणारे तांबे मेंढीला विषासारखे बाधते. रोज दहा मिनिटांचा खरारा मृत केस काढतो आणि कातडीतले तेल केसांवर पसरवतो. त्याच हाताला एखादी गाठ, गोचीड किंवा उतरलेले अंग सर्वांत आधी कळते. प्रदर्शन नसले तरी हा लाभ राहतो.

शेवटचे शिक्षण चालण्याचे. महिनाभर रोज थोडा वेळ गळपट्ट्याला धरून शेळी फिरवावी, थांबवावी आणि चारही पाय अंगाच्या चार कोपऱ्यांखाली ठेवून उभी करावी. अनोळखी माणसाने तोंड उघडून दात पाहिले, पाठीवर हात फिरवला तरी ती बिथरू नये. भेदरलेल्या शेळीचा बांधा कोणत्याही कातरीने नीट दिसत नाही.

मर्यादा आणि नियम

उघडे करण्यासाठी असलेली कला काही जण झाकण्यासाठी वापरतात. रंग लावून डाग बुजवणे, दूध न काढता कास तटवून ती मोठी भासवणे, वजनासाठी पाणी पाजून पोट फुगवणे, हे प्रकार फसवणुकीचे तर आहेतच, त्याहून अधिक ते जनावराच्या छळाचे आहेत. तटलेल्या कासेत दाह होतो आणि चांगली दुधाळ शेळी कायमची वाया जाते. फसवून बक्षीस मिळवलेला बोकड पुढे गावोगावच्या शेळ्यांना लागतो आणि त्याचे दोष पिढ्यांत उतरतात.

रोगाचीही मर्यादा आहे. एकच मशीन पाच कळपांत फिरले की नायटा, उवा आणि कातडीच्या जखमेतून शिरणारा गाठींचा रोगही फिरतो. पाते प्रत्येक जनावरानंतर निर्जंतुक व्हावे, आणि प्रदर्शनातून परतलेली शेळी दोन ते तीन आठवडे कळपापासून वेगळी बांधावी.

यावरून आयोजकांसाठी चार नियम निघतात. प्रत्येक जातीसाठी कुठले केस कापावे आणि कुठले राखावे याचे मराठी पत्रक प्रवेश-अर्जासोबत द्यावे. प्रवेशद्वारावर पशुवैद्याची तपासणी आणि लसीची नोंद सक्तीची असावी. स्थानिक जातींचा गट वेगळा ठेवावा, म्हणजे उस्मानाबादीची तुलना बोअरच्या वजनाशी होणार नाही. आणि परीक्षकाने निकालाची कारणे जनावरासमोर उभे राहून, सर्वांना ऐकू जातील अशी सांगावीत. बक्षीस एकाच्या दावणीला जाते. सांगितलेली कारणे मात्र भोवती उभा असलेला प्रत्येक शेळीपालक घरी नेतो आणि पुढच्या बाजारात पाट निवडताना वापरतो.