खेळण्यातील स्वदेशी : हात आपले, कल्पनाही आपलीच हवी

(चिंचवड येथे लघुउद्योजक, कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपण ज्या नगरीत एकत्र आलो आहोत, ती श्रीमोरया गोसावींच्या तपश्चर्येने पुनीत झालेली आणि क्रांतिवीर चापेकर बंधूंच्या हौतात्म्याने तेजस्वी झालेली नगरी आहे. स्वातंत्र्यानंतर तिला आणखी एक ओळख लाभली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे आकुर्डीला बजाज आले, टेल्को आली, भोसरीची औद्योगिक वसाहत वाढली आणि आता हा पट्टा थेट चाकणपर्यंत पोहोचला आहे. मोटारीच्या इंजिनापासून इवल्याशा स्प्रिंगपर्यंत जे मागाल ते येथे घडते. अशा ठिकाणी खेळण्यांविषयी बोलायचे म्हणजे पोरखेळ, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु खेळणे ही क्षुद्र वस्तू नाही. राष्ट्राच्या बुद्धीची पहिली मशागत त्याच्यावरच होत असते.

परंपरा विस्मृतीत गेली

सिंधू-सरस्वती संस्कृतीच्या उत्खननांत मातीच्या चाकाच्या गाड्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या आणि मान हलविणारे बैल सापडले आहेत. धड वेगळे, मान वेगळी आणि दोऱ्याने मान डोलविण्याची योजना. म्हणजेच हलते भाग असलेले खेळणे या भूमीत साडेचार हजार वर्षांपूर्वी होते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे नावच मातीच्या खेळगाडीवरून पडले आहे. अकराव्या शतकातील राजा भोजाच्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात तर यंत्रांवर स्वतंत्र अध्याय असून त्यात हालचाल करणाऱ्या लाकडी पुतळ्यांचेही वर्णन येते.

मग ही विद्या गेली कोठे? परकीय आक्रमणे आणि वसाहतकालीन शोषण यांनी कारागिरीचा कणा मोडला, हे खरेच. परंतु त्याबरोबर एक आपला दोषही पाहिला पाहिजे. कारागिराने आपली युक्ती मुलाला सांगितली, फार तर जावयाला सांगितली आणि घराणे खुंटले की युक्तीही खुंटली. ती लिहून ठेवली गेली नाही. ज्ञान गुप्त ठेवणे हेच ज्ञान राखण्याचे एकमेव साधन आहे, अशी समजूत दृढ झाली आणि त्याची किंमत समाजाने मोजली.

एकस्व, म्हणजे आपण ज्याला पेटंट म्हणतो, त्याचे मर्म येथे आहे. पेटंट म्हणजे गुपित, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती उलटी आहे. संशोधकाने आपली रचना जाणकाराला उभी करता येईल इतक्या तपशिलाने लिहून जाहीर करायची आणि त्या मोबदल्यात शासनाने त्याला अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे तिच्यावरचा अनन्य अधिकार द्यायचा, असा हा करार आहे. वीस वर्षांनंतर ती विद्या सर्व समाजाची होते.

आपली भूमिका कोणती?

आपल्यापैकी ज्येष्ठ कार्यकर्त्यांना नव्वदच्या दशकातील डंकेल प्रस्तावाविरुद्धचे आंदोलन आठवत असेल. औषधे आणि बियाणे यांवरील परकीय मक्तेदारीला स्वदेशी चळवळीने विरोध केला आणि तो योग्यच होता. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या आजीच्या बटव्यातील हळद! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन ग्रंथांतील व जुन्या नियतकालिकांतील पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. या लढ्याचे सार लक्षात घ्या. तो लढा जिंकला तो लेखी पुराव्याने. जे लिहिलेले होते, तेच वाचले.

म्हणून पेटंट या व्यवस्थेकडे केवळ संशयाने पाहणे पुरेसे नाही. आपल्या पूर्वजांच्या ज्ञानावर कोणी हक्क सांगू नये यासाठी जागरूक राहायचे आणि आपल्या मुलामुलींच्या नव्या कल्पनेवर त्यांचा हक्क राहावा यासाठीही तितकेच जागरूक राहायचे, हे दोन्ही स्वदेशीचेच अंग आहे.

एक नंदीबैल, पाच कायदे

हा विषय उदाहरणाने समजून घेऊ. समजा, निगडीतील एका विद्यार्थिनीने विजेवर चालणारा नंदीबैल तयार केला. मुलाने गणिताचे उत्तर दिले की बरोबर असल्यास तो होकारार्थी मान डोलवतो, चुकल्यास नकारार्थी हलवतो. पाठीवरची झूल उजळते आणि गुबुगुबू आवाज येतो. यात पेटंट घेण्याजोगे काय आहे?

दारोदार येणारा नंदीबैल ही परंपरागत कल्पना आहे. पारंपरिक ज्ञान हा शोध मानला जात नाही, असे १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच म्हटले आहे. मोटार, दिवा आणि ध्वनियंत्र एकत्र बसविले, पण प्रत्येक भाग आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत असेल, तर ती केवळ मांडणी ठरते. तिलाही पेटंट मिळत नाही. गणित तपासणारी संगणकीय आज्ञावली निव्वळ आज्ञावली म्हणून पेटंटपात्र नाही. तिचे रक्षण लेखनहक्काच्या कायद्याने होते. बैलाचे देखणे, आगळे रूप हा २००० सालच्या डिझाइन कायद्याचा विषय आहे. त्याची नोंदणी १० वर्षे टिकते आणि आणखी ५ वर्षे वाढविता येते. खेळण्याला दिलेल्या नावासाठी व्यापारचिन्हाचा कायदा आहे. आतील विद्युत्-मंडलाच्या मांडणीत चिपची स्वतःची रचना असेल, तर तिच्यासाठीही २००० सालचा वेगळा कायदा आहे.

मग उरले काय? समजा, त्या मुलीने दोन मोटारींऐवजी एकच मोटार वापरली. मोटार सुलट फिरली की मान वरखाली होते आणि उलट फिरली की तीच मान आडवी हलते, अशी दांडे, कॅम आणि एकाच दिशेने पकडणारा क्लच यांची जोडणी तिने शोधली. त्यामुळे वजन घटले, सेल अधिक काळ टिकले, खर्च उतरला. ही जोडणी जगात यापूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नसेल आणि या क्षेत्रातील जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसेल, तर ती खऱ्या अर्थाने शोध आहे. पेटंट बैलाला मिळत नाही, त्या मानेतील युक्तीला मिळते.

प्रदर्शनापूर्वी अर्ज

आता एक व्यावहारिक इशारा. आपल्याकडे उत्साह असा असतो की, खेळणे तयार झाले की आधी शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणायचे, भ्रमणध्वनीवर चित्रफीत फिरवायची आणि मग सावकाश वकील शोधायचा. तोवर नावीन्य संपलेले असते. केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या काही प्रसंगी १२ महिन्यांची सवलत आहे. परंतु तिच्या भरवशावर राहू नये. आधी तात्पुरते विवरणपत्र दाखल करावे. त्यानंतर पूर्ण विवरणपत्रासाठी १२ महिने मिळतात आणि त्या अवधीत नमुना सुधारता येतो.

जगप्रसिद्ध घनकोड्याचे जनक एर्नो रुबिक यांनी १९७५ साली हंगेरीत पेटंटसाठी अर्ज केला, पण अन्य देशांत ठरलेल्या एका वर्षाच्या मुदतीत अर्ज झाले नाहीत. पुढे ते कोडे जगभर पोहोचले, तेव्हा नकलांविरुद्ध लढताना मुख्य भिस्त ठेवावी लागली ती नाव आणि व्यापारचिन्हावर. भारत १९९८ च्या डिसेंबरपासून आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार करारात सहभागी आहे. त्यामुळे येथे अर्ज केल्यावर परदेशातील मार्गही ठरावीक मुदतीत मोकळा राहतो.

खर्चाचा बागुलबुवाही अनाठायी आहे. व्यक्ती, नवउद्यम किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी शासकीय शुल्क १६०० रुपये आहे, तर परीक्षणाच्या विनंतीसाठी ४००० रुपये. विवरणपत्र लिहून देणाऱ्या जाणकाराचे मानधन वेगळे. २०१९ पासून महिला अर्जदारांना शीघ्र परीक्षणाची मागणी करता येते. मात्र २०२४ च्या सुधारित नियमांनुसार परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती राहिली, तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते. अर्ज केला म्हणजे पेटंट मिळाले, असे समजून स्वस्थ बसणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आकुर्डीचा धडा

पेटंट म्हणजे केवळ चौकटीत लावायचे प्रमाणपत्र नव्हे, हे याच परिसराने पाहिले आहे. दोन ठिणग्यांच्या इंजिन तंत्रासाठी बजाज ऑटोने २००२ मध्ये अर्ज केला, २००५ मध्ये पेटंट मिळाले आणि २००७ मध्ये टीव्हीएसबरोबर वाद उभा राहिला. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्ये मनाई हुकूम दिला, २००९ मध्ये खंडपीठाने तो उठविला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा खटल्यांची सुनावणी दररोज घेऊन ते चार महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी म्हटले. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांत समझोता झाला तो २०१९ साली.

एवढी वर्षे मोठी कंपनी लढू शकते. भोसरीतील आठ कामगारांची कार्यशाळा लढू शकत नाही. खेळण्याची बाजारातील आवड तर दोन-तीन हंगामांत ओसरते. म्हणून लहान उद्योजकाने सारा भार पेटंटवर टाकू नये. डिझाइनची नोंदणी, स्वतःचे नाव, गुणवत्ता आणि पुढच्या हंगामाचे नवे खेळणे या चारही गोष्टी हातात असाव्यात. एकाने लढणे अवघड असेल तेथे लघुउद्योजकांच्या संघटनेने पाठीशी उभे राहावे. संघटन यासाठीच असते.

संधी आणि जबाबदारी

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले. २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. परिणामी २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. ही वार्ता आनंदाची आहे. परंतु शुल्काची भिंत ही रोपट्याभोवतीचे कुंपण असते. रोप आपले नसेल, परदेशी साच्यातून परदेशी कल्पनाच आपण ओतत असू, तर कुंपणाचा उपयोग काय?

आयएसआय चिन्हाकडे कटकट म्हणून पाहू नका. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. बटणाएवढा लिथियम सेल मुलाने गिळला, तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सेलचे झाकण स्क्रूने पक्के केलेले असावे लागते. माता-भगिनींनी खेळणे घेताना देश पाहावाच, पण झाकणही पाहावे. स्वदेशी वस्तू निकृष्ट असली तरी चालेल, असे म्हणणारा स्वदेशीचा मित्र नव्हे.

दान आणि स्वामित्व

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. विद्या ही दान करण्याची वस्तू. तिच्यावर मालकी सांगणे आपल्या संस्कारात बसते का? अरविंद गुप्तांचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. आयआयटी कानपूरचे हे अभियंते टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून मुलांना भूमिती शिकवू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी टाकाऊतून घडविलेली शेकडो खेळणी जगाला विनामूल्य दिली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या काही विचारांशी कोणाचे मतभेद असू शकतील, पण हे कार्य वंदनीय आहे.

तथापि दान तेच करू शकतो, ज्याच्यापाशी स्वतःचे काही आहे. दुसऱ्याच्या रेखाचित्रावर पुर्जे घडवून देणारा आपला कारागीर आज ना दान करू शकत, ना भाव ठरवू शकत. हुकूम आला की यंत्र सुरू, हुकूम थांबला की यंत्र बंद. मंदीच्या दिवसांत या वसाहतींनी ते अनुभवले आहे. स्वतःची एक रचना असली, तर तो ती विकेल, भाड्याने देईल किंवा समाजाला अर्पण करील. निर्णय त्याचा असेल. आपल्या दृष्टीने स्वामित्वाचे मोल त्या स्वातंत्र्यात आहे.

शेवटी तीन विनंत्या करतो. पालकांनी मुलाने खेळणे मोडून आत पाहिले म्हणून त्याला रागावू नये. त्याला एक वही द्यावी आणि जे दिसले ते दिनांकासह रेखाटायला सांगावे. उद्योजकांनी आठवड्यातील एक संध्याकाळ आपली लेथ, आपला साचेविभाग परिसरातील विद्यार्थ्यांसाठी खुला ठेवावा. कार्यकर्त्यांनी मुदत संपलेली जुनी पेटंटे वाचण्याचे छोटे अभ्यासवर्ग चालवावेत. ती इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असून मुदत सरल्यावर कोणासही वापरता येतात.

दरवर्षी खंडेनवमीला या परिसरातील यंत्रांना आपण हळदकुंकू वाहतो. येत्या खंडेनवमीला त्या यंत्राशेजारी त्याच यंत्रावर घडलेला, स्वतःच्या बुद्धीचा एक नमुना ठेवता येईल का, याचा प्रत्येक कार्यशाळेने विचार करावा. एवढे बोलून मी थांबतो.

भारत माता की जय!